न वाचलेली ओळ

आमचे अब्बा गाडीमिस्त्री. तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागे, कडुनिंबाखाली त्यांचे गॅरेज होते. पत्र्याचे छप्पर, एक लाकडी पेटी, भिंतीला टांगलेले पाने आणि जमिनीत मुरलेले तीस वर्षांचे ऑइल, एवढीच मालमत्ता. शाळेतून परतताना आम्ही तेथे थांबायचो. पण पान्याला हात लावायची परवानगी नव्हती. एखादा नट जरी उचलला तरी अब्बा ओरडायचे, "हात काले करनेकू मैं हूँ ना? तू जा, किताब पकड़."

आम्ही किताब पकडली. उर्दू माध्यमातून दहावी झालो, पुढे बी.एस्सी., मग बी.एड. तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढली. आता एका उर्दू हायस्कुलात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. मोहल्ल्यात लोक 'मास्टर' म्हणतात. अब्बाही म्हणतात, पण त्यांच्या 'मास्टर'मध्ये थोडा अभिमान आणि थोडी थट्टा असते. दोन्ही किती किती, हे आम्हांला आजवर मोजता आलेले नाही.

अब्बांना सही करता येते, गाडीचा नंबर वाचता येतो, आकडे येतात. त्यापलीकडे अक्षरांशी त्यांचा संबंध नाही. स्पेअर पार्टच्या डब्यावर काय लिहिले आहे ते दुकानदाराला विचारायचे, बिलावर काय लिहिले आहे ते गिऱ्हाइकाला विचारायचे. आम्ही वाचू लागल्यापासून आम्हांला विचारायचे. आमची सगळी गोष्ट या विचारण्याची आहे. म्हणायला ती एका इंजिनाची आहे.

धाकटा भाऊ बेकरीचा माल पोचवतो. पहाटे चार वाजता पाव, खारी, टोस्ट भरायचे आणि आसपासच्या खेड्यांतल्या दुकानांत टाकत नऊपर्यंत परतायचे. त्यासाठी घरात एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. तीन सिलिंडरची, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली. सीट उचलली की इंजिन समोर येते. म्हणजे गाडी चालवणारा आणि त्याच्या शेजारी बसणारा, दोघेही अक्षरशः इंजिनावर बसलेले असतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

गेल्या एप्रिलमध्ये व्हॅन मिसिंग करू लागली. उभी असताना इंजिनाचे फेरे आपोआप चढायचे, मग एकदम खाली यायचे आणि गाडी बंद पडायची. भाऊ दोन ठिकाणी दाखवून आला. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने सेन्सर बदलायला सांगितला. शेवटी अब्बांनी खाटेवरून विचारले, "आवाज कैसी है?" त्यांनी हातभर लांब रबरी नळी मागवली. तिचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे चालू इंजिनावर इकडून तिकडे फिरवले. तिसऱ्या सिलिंडरपाशी हात थांबला. "ये देख. साँप बोलताय."

आम्ही नळी कानाला लावली. बारीक सुस्स असा आवाज येत होता. हवा आत घेणाऱ्या नळकांड्याला, ज्याला पुस्तकात इनटेक मॅनिफोल्ड आणि गॅरेजात मेनीफोल म्हणतात, तिसऱ्या इंजेक्टरच्या बैठकीपाशी केसाएवढी चीर गेली होती. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा गॅरेजात कुणी तरी इंजेक्टर सरळ ओढून काढण्याऐवजी पेचकस घालून उचकटला होता. त्याची खूणही तेथे दिसत होती. जी हवा रेसच्या झडपेतून यायला हवी, ती चोरवाटेने आत शिरत होती. पेट्रोलचा आणि हवेचा हिशेब त्यामुळे चुकत होता.

मेनीफोल बदलणे हाच उपाय होता. नवा मागवायला वेळ लागणार होता आणि पैसेही. भावाची रोजी रोजच्या फेरीवर. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात ओळखीच्या माणसाकडून एक चांगला जुना मेनीफोल मिळाला आणि तो ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सलने आला. आम्हांला मे महिन्याची सुटी होती. अब्बांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, उजवा हात थरथरतो. ते म्हणाले, "मैं बैठता. तू कर." छत्तीस वर्षांच्या आयुष्यात आम्हांला प्रथमच पाना हातात घ्यायची परवानगी मिळाली.

भावाने या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेची झेरॉक्स कुठून तरी मिळवली. इंग्रजीत होती. ठरले असे की आम्ही एकेक ओळ वाचायची, आमच्या घरच्या बोलीत अब्बांना सांगायची, अब्बांनी 'हौ' म्हटले की करायचे.

मदतीला आमच्याच शाळेतला एक मुलगा आला. आठवीची परीक्षा दिलेला. सुटीत तो एका गॅरेजात बसत असे. वर्गात मागच्या बाकावर, कधी हात वर न करणारा. त्याचे वडील आम्हांला भेटून गेले होते. म्हणाले होते, "सर, नववीत बसवून काय करू? काम तरी शिकेल." कायदा चौदा वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देतो, आणि या पोराला त्याच महिन्यात चौदा पूर्ण झाली होती. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आपल्या समाजातल्या स्वयंरोजगाराच्या मोठ्या प्रमाणाविषयी आपण सर्वांनी वाचले आहे. आम्ही त्यावर भाषणेही केली आहेत. पण तो अहवाल समोर खाकी हाफ पँटीत, हातात बारा नंबरचा पाना घेऊन उभा असतो तेव्हा भाषण सुचत नाही.

आता कामाकडे वळतो.

या गाड्यांत पेट्रोल दाबाखाली असते. टायरमध्ये आपण तीसेक पौंड हवा भरतो. इंजेक्टरपर्यंत येणाऱ्या पेट्रोलचा दाब चाळीस पौंडांच्या पुढे असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो बराच वेळ नळीत टिकून राहतो. म्हणून आधी पंपाचा फ्यूज काढला, इंजिन चालू केले आणि नळीत उरलेले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू दिले. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. अब्बांनी बिडी कधीच सोडली आहे, तरी त्यांनी अम्मीला ओरडून सांगितले, "चूला बंद रखो."

इंजिन थंड झाल्यावर हवेची नळी, रेसची केबल आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या काढल्या. प्रत्येक नळीला आम्ही चिकटपट्टी लावून नंबर घातला आणि मोबाइलवर फोटो काढले. अब्बा हसले. "हमारे टैम में फोटो नहीं था. हमें याद रखते थे." इंजेक्टरच्या कपलरला तारेची चिमटी असते. ती दाबून कपलर धरून ओढायचा, वायर धरून नाही. जुने प्लास्टिक पापडासारखे तुटते.

तिन्ही इंजेक्टर एका नळीला जोडलेले असतात. ही नळी तिघांनाही पेट्रोल वाटते. तिचे बोल्ट काढले, खाली चिंधी धरली, आणि नळी दोन्ही हातांनी थोडी थोडी डोलवत सरळ वर उचलली. तिन्ही इंजेक्टर नळीसह वर आले. उरलेले पेट्रोल चिंधीत टपटपले. मुलाने अम्मीकडून तीन स्टीलच्या वाट्या आणल्या. पहिला इंजेक्टर पहिल्या वाटीत, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या. जेथला तेथेच परत जायला हवा.

मग जुना मेनीफोल उतरवला. इंजिनाची तीन तोंडे उघडी पडली. तेथे एखादा वॉशर किंवा रेतीचा खडा पडला तर सगळे मातीत. अम्मीच्या जुन्या ओढणीचे तीन तुकडे करून अब्बांनी त्यात कोंबायला लावले आणि मुलाकडून मोठ्याने म्हणवून घेतले, "तीन अंदर." शेवटी "तीन बाहर" म्हणेपर्यंत तो हिशेब मिटत नव्हता.

जुन्या पॅकिंगचे चिकटलेले थर आम्ही लाकडी पट्टीने खरवडले. हॅक्सॉ ब्लेड वापरू नये असे पुस्तकात होते, कारण अॅल्युमिनियम मऊ असते आणि त्यावर ओरखडा पडला की तेथून पुन्हा हवा शिरते. नव्या पॅकिंगला सिलिकॉन लावू का, असे आम्ही विचारले. अब्बा जन्मभर लावत आले होते. पुस्तकात मनाई होती. काही सिलिकॉनची वाफ इंजिनात जाऊन धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. अब्बांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली. "ऐसा है क्या," ते म्हणाले. बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या गॅरेजातून गेलेल्या कुठल्या गाड्या आठवत होत्या ते आम्ही विचारले नाही.

त्यांचे गॅरेज कसे बंद पडले ते येथे सांगायला हवे. अब्बा कार्बोरेटरचे उस्ताद होते. इंजिन हवा ओढते, त्या ओढीने पेट्रोल बारीक छिद्रातून वर येते आणि हवेत मिसळते. अब्बा म्हणायचे, कार्बोरेटर म्हणजे हुक्का, ओढाल तेवढे येईल. पेचकसाचा अर्धा फेरा देऊन ते इंजिनाचा आवाज असा लावायचे की लोक दुसऱ्या तालुक्यातून गाड्या आणत. मग १ एप्रिल २००० पासून देशभर धुराचे नवे नियम आले, २००५ मध्ये आणखी कडक झाले, आणि कारमधून कार्बोरेटर जात गेला. त्याच्या जागी इंजेक्टर आला. अब्बा त्याला गुलाबदाणी म्हणतात. लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तशी. पण हिला कुणी हलवत नाही. आत तारेचे वेटोळे असते. वीज आली की ते लोहचुंबक होते, सुई किंचित वर उचलली जाते, दाबातले पेट्रोल फवाऱ्यासारखे उडते, वीज गेली की स्प्रिंग सुई खाली बसवते. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा ही सुई उघडते आणि मिटते. दर वेळी सेकंदाच्या काही हजारांश भागापुरती. किती वेळ उघडी ठेवायची ते कॉम्प्युटर ठरवतो.

पेचकसाचा अर्धा फेरा द्यायला जागाच उरली नाही. मशीन लावून इंग्रजीत कोड वाचायचा. गावातल्या तरुण मिस्त्रींना कंपन्यांच्या ट्रेनिंगला जाता आले. अब्बा एकदा गेले होते. दोन तास पडद्यावरची अक्षरे पाहून परत आले आणि त्याविषयी कधी बोलले नाहीत. काही वर्षे मोटारसायकलींवर निभले. २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर गेला. त्या वर्षी टाळेबंदी लागली आणि कडुनिंबाखालचा पत्रा खाली आला तो पुन्हा चढला नाही. लोकांना वाटते टाळेबंदीने गॅरेज बंद पाडले. अब्बांना ठाऊक आहे की ते वाचता न आल्याने बंद पडले. म्हणूनच आमच्या हातात पाना येऊ दिला नव्हता.

आणि त्याच माणसाला आम्ही काय वाचून दाखवले, ते आता सांगतो.

नवा मेनीफोल बसला. मधले नट आधी, मग बाहेरचे, असे तीन फेऱ्यांत आवळले, एकदम एका बाजूने नाही. अब्बांनी आमच्या मुठीवर आपली थरथरती मूठ ठेवली आणि योग्य जागी दाबून सांगितले, "बस. आगे गया तो आटे जाते." आता इंजेक्टर. प्रत्येकाला दोन रबरी रिंगा असतात. खालची हवा अडवते, वरची पेट्रोल अडवते. एकदा काढलेली रिंग पुन्हा वापरायची नाही. उष्णतेने ती कडक होते, एका बाजूला चपटी होते आणि तिला पहिला आकार येत नाही. आम्ही सहा नव्या रिंगा आणल्या होत्या. तिसऱ्या इंजेक्टरची वरची रिंग चढवताना आमच्या नखाने तिला बारीकशी चीर पडली.

शुक्रवारची दुपार होती. दुकान जुम्याच्या नमाजनंतर चारला उघडणार होते. भाऊ पाच दिवस भाड्याची रिक्षा लावून माल टाकत होता आणि रोज तोटा खात होता. दुसऱ्या दिवशी पहाटे अम्मी त्याच्याबरोबर व्हॅनमधून खालाकडे जाणार होती. आम्ही वाटीतली जुनी रिंग पाहिली. बरी वाटली. कापडाने पुसली, इंजिन ऑइलचे बोट लावले आणि चढवली. अब्बांची पाठ होती. ते वजूला उठले होते.

तिन्ही इंजेक्टर नळीत बसवले. पुस्तकात पुढची ओळ होती: प्रत्येक इंजेक्टर बोटांनी फिरवून पाहावा, तो सहज फिरला पाहिजे, फिरत नसल्यास रिंग नीट बसलेली नाही, ती बदलून नवी घालावी. मुलाने फिरवून पाहिले. पहिला फिरला, दुसरा फिरला. तिसरा अडला. तो म्हणाला, "सर, ये नहीं फिरता."

आम्ही त्याच्याकडे पाहिले. वर्गात ज्या नजरेने पोरे गप्प बसतात तीच नजर. म्हणालो, "टाइट है. बैठ जाएगा." तो गप्प बसला. वर्गात त्याने कधी हात वर केला नव्हता. येथे केला होता.

अब्बा परत आले आणि त्यांनी विचारले, "आगे क्या लिखा है?" आम्ही पुढच्या ओळीवर बोट ठेवले आणि तिच्याही पुढची ओळ वाचली: बोल्ट आवळावेत. मधली ओळ आम्ही वाचली नाही. त्यांना कळायचे काही कारण नव्हते. कागदावर सगळ्या ओळी त्यांना सारख्याच.

नळ्या जोडल्या, कपलर लावले, "तीन बाहर" झाले होतेच. बॅटरी जोडली. स्टार्ट करण्याआधी किल्ली तीन-चार वेळा नुसती चालू-बंद केली. दर वेळी पंप दोनेक सेकंद चालतो आणि नळीत दाब भरतो. सांधे कोरडे दिसले. मग सेल्फ मारला. थोडे खोकून इंजिन लागले आणि असे एकसारखे चालू लागले की भावाने आम्हांला उचलून घेतले. सापाचा आवाज बंद झाला होता. अम्मीने शिरा केला. मोहल्ल्यातले चार लोक पाहून गेले. "मास्टर तो मिस्त्री निकला!" आम्ही हात साबणाने न धुता बराच वेळ तसेच काळे ठेवले. लहानपणापासून ते हवे होते. मुलगा शिरा न घेता घरी गेला. अम्मी म्हणाली, लाजला असेल.

रात्री झोप लागली नाही असे आम्ही लिहिले असते तर बरे दिसले असते. पण आम्ही गाढ झोपलो.

पहाटे चारच्या आधी अब्बांच्या आवाजाने जाग आली. भाऊ मालाचे ट्रे चढवत होता, अम्मी बुरखा घालून पुढच्या सीटवर बसली होती. भावाच्या हातात किल्ली. अब्बा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "नक्को! सेल्फ नक्को मार! उतरो सब." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "बास आती."

आम्हांला वास येत नव्हता. पावांचा येत होता. अब्बांना पेट्रोलचा येत होता, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. सीट उचलून बॅटरीवर पाहिले. तिसऱ्या इंजेक्टरच्या मानेशी ओल होती आणि खाली मेनीफोलवर एक थेंब लोंबत होता. गरम असताना कडक रिंग फुगून धरून राहिली होती. रात्री गार होऊन आक्रसली आणि नळीत उरलेल्या दाबाने पेट्रोल हळूहळू झिरपले. सेल्फ मारताच पंप पूर्ण दाब देणार होता. त्याच्या हातभर अंतरावर प्लगच्या वायरी. आणि वर अम्मी.

भाऊ म्हणाला, "जुना मेनीफोल ही ऐसाच आया होगा." आम्हांला ती पळवाट मिळाली होती. कुर्ल्याच्या माणसावर ढकलता आले असते, रिंग विकणाऱ्यावर ढकलता आले असते. अब्बा आमच्याकडेच पाहत होते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात बॅटरीचा उजेड पडला होता. त्यांनी विचारले, "किताब क्या बोलती थी, मास्टर?"

आम्ही सांगितले. जुनी रिंग सांगितली, इंजेक्टर फिरत नव्हता ते सांगितले, मुलाने सांगितले होते तेही सांगितले, आणि न वाचलेली ओळ सांगितली.

अब्बा ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपे गेले असते. खाटेवर बसले आणि जरा वेळाने म्हणाले, "पूरी उम्र दूसरों से पढ़ा के काम किया मैं. दुकानदार झूट पढ़ा होगा, गिराइक झूट पढ़ा होगा. घर में तू था बोलके मैं बेफिकर था." एवढेच. भावाने रिक्षा बोलावली आणि माल त्यात चढवला. अम्मी बुरखा काढून चुलीकडे गेली. फजरची अजान झाली.

आम्ही बी.एड.ला शिक्षकाची मूल्ये या विषयावर बारा पानी निबंध लिहिला होता. त्यात प्रामाणिकपणा हे उपशीर्षक होते. पण वाचता येणारा माणूस वाचता न येणाऱ्याला किती सहज फसवू शकतो, आणि फसवताना त्याचा आवाजसुद्धा बदलत नाही, हे त्यात कुठे नव्हते. आपल्या मोहल्ल्यांत हे रोज होते. बँकेचा फॉर्म, रेशनचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी, जमिनीचा दस्त. एक वाचतो, दुसरा मान डोलावतो. मधली ओळ गाळणारा दर वेळी लबाडच असतो असे नाही. कधी तो घाईत असतो. कधी त्याला नवी रिंग आणायला चारपर्यंत थांबायचे नसते.

दुकान दहाला उघडले. नवी रिंग तीस रुपयांची. आम्ही दोन आणल्या. पुन्हा फ्यूज काढला, दाब सोडला, बॅटरी सोडली, नळी वर उचलली. या वेळी आम्ही आधी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याला बोलावून आणले होते. दारात त्याच्या वडिलांसमोर म्हणालो, "काल हा बरोबर होता आणि आम्ही चूक होतो." वडील गोंधळले. मास्टर माणूस असे काही बोलायला दारात येतो याची त्यांना सवय नव्हती. आम्हांलाही नव्हती.

अब्बांनी झेरॉक्स आमच्याकडून काढून घेतली आणि मुलाच्या हातात दिली. "तू पढ़." त्याचे इंग्रजी आमच्याच शाळेतले, म्हणजे बेताचे. एकेक शब्द जोडत तो वाचू लागला. अडला तेथे आम्ही अर्थ सांगितला. एक ओळ वाचायला त्याला दोन मिनिटे लागत होती आणि अब्बांना घाई नव्हती. 'स्मूदली' या शब्दावर तो थांबला. आम्ही म्हणालो, "बेरोकटोक." त्याने तिसरा इंजेक्टर बोटांनी फिरवला. फिरला. पुन्हा फिरवला. मग अब्बांनी आपली थरथरती बोटे त्यावर ठेवून स्वतः फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हौ."

त्या दिवशी व्हॅन चालू करून, अर्धा तास चालवून, बंद करून, पूर्ण गार होऊ दिली आणि मगरीबनंतर पुन्हा पाहिली. कोरडी. रविवारी पहाटे पुन्हा पाहिली. कोरडी. सोमवारी अम्मी खालाकडे गेली.

जूनमध्ये शाळा उघडली. त्या मुलाच्या वडिलांशी आम्ही तीनदा बोललो. अखेर ठरले की तो नववीत बसेल आणि गॅरेजात फक्त रविवारी जाईल. या तोडग्याचा आम्हांला फार अभिमान नाही. त्याची हजेरी अधूनमधून गळते. सोमवारी तो बहुधा डुलक्या घेतो. दहावीपर्यंत टिकेल का, सांगता येत नाही.

विद्युतचुंबकाचा धडा आला तेव्हा आम्ही भंगारातला एक इंजेक्टर वर्गात नेला. आमच्या उर्दू पुस्तकात मक़नातीस, बर्क़ी रौ, दबाव असे शब्द आहेत. पोरे ते पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. त्या दिवशी मुलाला आम्ही पुढे बोलावले. बॅटरीच्या दोन वायरी क्षणभर टेकवल्या तशी आतली सुई टक् वाजली. तो म्हणाला, "ये बर्क़ी मक़नातीस है." साठ पोरांनी तो टक् आवाज पुन्हा पुन्हा मागितला. मग एकाने विचारले, "सर, ही रबराची रिंग कशाला?"

उत्तर आम्ही द्यायला हवे होते. मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली आणि त्याने सांगायला सुरुवात केली. तो सगळे सांगेल की मधले काही गाळेल, हे ऐकत आम्ही खिडकीपाशी उभे राहिलो. त्याने जुनी रिंग वापरू नये हे सांगितले, इंजेक्टर फिरवून पाहावा हे सांगितले, न फिरल्यास काय होते तेही सांगितले. आमचे नाव मात्र घेतले नाही.

ते आम्ही येथे लिहिले आहे. लिहून झाल्यावर अब्बांना वाचून दाखवले. सगळ्या ओळी वाचल्या. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "सिलिकॉनवाली बात कायकू लिख्या? लोगाँ पुराना हिसाब माँगने आएँगे." आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.